छापील सही, शाईची सही

१९५१ च्या शरद ऋतूत ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुठ्ठा आणि कात्री घेऊन साय बर्गर एक कार्ड जुळवत होता. वय अठ्ठावीस, नोकरी टॉप्स या च्युइंगगम बनवणाऱ्या कंपनीत. या कामात वुडी गेलमन हा सहकारी त्याचा जोडीदार. पुढच्या बाजूला खेळाडूचं रंगवलेलं छायाचित्र, संघाचं चिन्ह आणि नाव. मागच्या बाजूला गेल्या हंगामाचे आणि एकूण कारकिर्दीचे आकडे. नावाच्या पट्टीत खेळाडूची सही. ही सही अर्थातच छापलेली. एकदा कागदावर करून घेतलेल्या सहीचा ठसा बनवला, की देशभरातल्या पोरांच्या हातात तीच सही, तेच वळण, शेवटच्या अक्षराची तीच ओढलेली शेपटी. १९५२ मध्ये ४०७ कार्डांची ही मालिका बाजारात आली आणि बेसबॉल कार्ड म्हटल्यावर अमेरिकन माणसाच्या डोळ्यांसमोर जे रूप उभं राहतं, ते तिनं ठरवून टाकलं.

बरोबर एकोणपन्नास वर्षांनी, २००१ मध्ये, टॉप्सनं हेच रूप पुन्हा छापलं. मालिकेचं नाव हेरिटेज. पुन्हा ४०७ कार्डं, तशीच चौकट, तसाच बिनचकाकीचा पुठ्ठा. चेहरे मात्र २००१ च्या खेळाडूंचे. फरक आणखी एक होता. थोड्या पाकिटांत अशी कार्डं घातली होती, ज्यांवर खेळाडूनं स्वतः हातात पेन धरून सही केली होती. पुढच्या वर्षी १९५३ ची रचना आली, त्याच्या पुढच्या वर्षी १९५४ ची. हा क्रम अजून चालू आहे. २०२५ च्या हेरिटेजला १९७६ चं रूप होतं. छापलेली सही आणि शाईची सही यांच्यामधल्या अर्धशतकात या छंदाचं काय झालं, आणि त्या शाईचे पैसे कोण, कशासाठी आणि किती मोजतं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

मराठी वाचकाला हा विषय अगदी परका वाटायचं कारण नाही. बबलगमसोबत मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांसाठी दात खराब करून घेतलेली एक पिढी आपल्याकडेही आहे, आणि त्याही आधी, १८९६ मध्ये, विल्स या ब्रिटिश सिगारेट कंपनीनं काढलेल्या क्रिकेटपटूंच्या पन्नास कार्डांत रणजितसिंह होते. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत, जिथं मुलं शाळेपासून बेसबॉल खेळतात, तिथं हा छंद आज मुलांमार्फत शिरतो आणि आईवडिलांना एक साधा प्रश्न पडतो: पुठ्ठ्याच्या तुकड्याला एवढे पैसे? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचं उत्तर एका वाक्यात देणारा माणूस बहुतेक वेळा काहीतरी विकायला बसलेला असतो.

सुरुवात तंबाखूपासून झाली. सिगारेटचं मऊ पाकीट चुरगळू नये म्हणून आत एक ताठ पुठ्ठा घालत. त्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक परत येतं, हे कंपन्यांच्या लवकर लक्षात आलं. व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीनं १८८८ च्या सुमारास जगभरच्या ‘विजेत्यां’ची पन्नास कार्डं काढली. त्यांत बेसबॉलपटू फक्त दहा होते. बाकी मुष्टियोद्धे, मल्ल, नेमबाज, बिलियर्ड खेळणारे. पुढे १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीनं काढलेली प्रचंड मालिका आज टी-२०६ या रुक्ष नावानं ओळखली जाते. होनस वॅग्नरचं जगप्रसिद्ध कार्ड याच मालिकेतलं. त्यानं आपलं चित्र छापायला हरकत घेतली आणि छपाई थांबली. मुलांच्या हाती तंबाखू जाऊ नये म्हणून घेतली की पैशांवरून, यावर आजही वाद होतो. वॅग्नर स्वतः तंबाखू खायचा, हे पहिल्या मताच्या लोकांना जरा अडचणीचं जातं.

टी-२०६ हे नाव कंपनीनं दिलेलं नाही. ते दिलं जेफरसन बर्डिक यांनी. या माणसापाशी थोडं थांबलं पाहिजे. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये विजेचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात ते कामाला होते. संधिवातानं हातपाय हळूहळू आखडत चाललेले. लग्न केलं नाही. मिळेल ते छापील कार्ड जमवायचं, त्याचा क्रम लावायचा, देशभरच्या संग्राहकांना पत्रं लिहायची, हा त्यांचा उद्योग. १९३९ मध्ये त्यांनी अमेरिकन कार्डांची पहिली पद्धतशीर सूची काढली आणि पुढे तिला अक्षरं दिली: विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना एक अक्षर, एकोणिसाव्या शतकातल्यांना दुसरं, गमच्या कार्डांना तिसरं. आजचे कोट्यवधींचे लिलाव याच अक्षरांवर चालतात. १९४७ पासून त्यांनी आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यायला सुरुवात केली. लाखांनी मोजावेत असे छापील तुकडे, त्यांत तीस हजारांहून अधिक बेसबॉल कार्डं. आखडलेल्या बोटांनी ती सगळी वहीच्या पानांवर स्वतः चिकटवली. १० जानेवारी १९६३ रोजी काम संपलं. दोन महिन्यांनी ते गेले.

चिकटवली हा शब्द वाचून आजच्या संग्राहकाच्या अंगावर काटा येतो. मागच्या बाजूला डिंक लागलेल्या कार्डाचा भाव आज कितीतरी पटींनी पडतो. बर्डिकना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांच्या लेखी कार्ड ही जागेवर लावून ठेवायची वस्तू होती. तिची बाजारातली तब्येत त्यांनी कधी तपासली नाही.

ही तब्येत तपासण्याचं शास्त्र नंतर आलं. संख्याशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेकेट यांनी १९७९ मध्ये एका सहलेखकासोबत भावांचं पुस्तक काढलं आणि १९८४ पासून दरमहा भावपत्रक सुरू केलं. त्याआधी कार्डाचा भाव म्हणजे समोरच्याशी झालेली घासाघीस. त्यानंतर तो छापून यायला लागला. १९९१ मध्ये पीएसए ही कंपनी आली. कार्ड भिंगाखाली धरायचं, कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्राची मध्यरेषा पाहायची, एक ते दहा गुण द्यायचे आणि कार्ड पारदर्शक कडक डबीत कायमचं बंद करायचं. या व्यवस्थेत सर्वांत मौल्यवान कार्ड कोणतं? ज्याला कोणी हातच लावला नाही असं. मुलानं खिशात घालून शाळेत नेलेलं, मित्राशी अदलाबदल केलेलं, सायकलच्या चाकाला लावून फडफडवलेलं कार्ड गुणांत नापास.

सहीचं गणित याच्या नेमकं उलट आहे. सही असलेल्या कार्डाचा अर्थच असा, की कोणीतरी ते हातात घेतलं. खेळाडूच्या बोटांचा दाब, शाईचा ओघळ, घाईत अर्धवट राहिलेलं आडनाव, ही सगळी हाताळल्याची खूण. म्हणूनच कित्येक वर्षं सही केलेलं जुनं कार्ड ‘लिहून खराब केलेलं’ समजलं जात होतं. आज त्याच कार्डाला वेगवेगळे गुण मिळतात, पुठ्ठ्याला वेगळे आणि सहीला वेगळे, आणि पुठ्ठा दोन गुणांचा असला तरी सहीचे दहा गुण असतील तर लोक तुटून पडतात. एका बाजाराला स्पर्श नको आहे, दुसऱ्याला स्पर्शच हवा आहे. जुन्या धाटणीचं सही केलेलं नवं कार्ड ही या दोन्ही गिऱ्हाइकांना एकाच पाकिटात खूश करण्याची कारखानदारी युक्ती आहे: खेळाडूचा हात लागलेला, पण दुसऱ्या कोणाचाही न लागलेला. मला ही युक्ती चलाख वाटते आणि थोडी हास्यास्पदही. तरी मी ही कार्डं जमवतो, हे इथंच सांगून टाकलेलं बरं.

या युक्तीचा पहिला प्रयोग जुन्या धाटणीच्या कार्डांवर झालाच नव्हता. १९९० मध्ये अपर डेक कंपनीनं रेजी जॅक्सन या खेळाडूच्या सहीची, क्रमांक घातलेली २,५०० कार्डं आपल्या पाकिटांत मिसळली. तोवर सही मिळवायची म्हणजे मैदानाच्या कठड्याला लोंबकळायचं, हॉटेलबाहेर उभं राहायचं, नाहीतर स्वतःचा पत्ता आणि तिकीट लावलेलं परतीचं पाकीट घालून खेळाडूला पत्र पाठवायचं. पत्राचं उत्तर महिन्यानं येई, चार वर्षांनी येई किंवा येतच नसे. आता दुकानातून पाकीट विकत घेऊन सही मिळू लागली. १९९६ मध्ये लीफ कंपनीनं तर प्रत्येक पाकिटात एक सही देऊन टाकली. त्याच सुमारास खेळाडूंचा १९९४ चा संप, रद्द झालेली वर्ल्ड सिरीज आणि त्याआधीच्या काही वर्षांत अतोनात छापलेली कार्डं यांनी छंदाची हवा काढून घेतली होती. नव्या चकचकीत कार्डांना विटलेल्या गिऱ्हाइकाला त्याच्या लहानपणीचा खरखरीत पुठ्ठा दाखवायचा, ही कल्पना अशा वेळी सुचणं साहजिक होतं. हेरिटेजपाठोपाठ टी-२०६ ची नक्कल आली, २००६ मध्ये ॲलन अँड गिंटरचं पुनरुज्जीवन झालं, २०११ मध्ये जिप्सी क्वीन ही तशीच जुन्या धाटणीची मालिका आली.

ॲलन अँड गिंटरबद्दल एक गंमत सांगायला हवी. मूळ मालिकेत बेसबॉलपटूंसोबत नेमबाज आणि मल्ल होते, म्हणून नव्या मालिकेतही बेसबॉलबाहेरची माणसं घालायची प्रथा पडली. पहिल्याच वर्षी त्यांत ताकेरू कोबायाशी होता, हॉटडॉग खाण्याच्या स्पर्धा जिंकणारा जपानी गडी. मूळच्या तंबाखूच्या कार्डाएवढ्या चिमुकल्या पुठ्ठ्यावर सही घेऊन ती छोट्या चौकटीत बसवतात. गंभीर संग्राहक या पाहुण्यांकडे नाक मुरडतात. मला वाटतं, १८८८ च्या वृत्तीशी इमान राखलंय ते याच पाहुण्यांनी.

पण या सगळ्या प्रकारात माझा जीव जडला तो हेरिटेजवर, आणि त्याचं कारण त्यातले तारे नाहीत. हेरिटेजच्या ‘रिअल वन’ सह्यांत दोन तऱ्हेचे लोक असतात. एक, आजचे खेळाडू, जुन्या चौकटीत. दुसरे, मूळ वर्षाच्या मालिकेत ज्यांचं कार्ड होतं असे आणि अजून हयात असलेले म्हातारे. यांतले बरेचजण कोणाच्या खिजगणतीत नसतात: दोन-तीन हंगाम राखीव कॅचर म्हणून काढलेले, एखाद्या वर्षी वीसेक सामन्यांत पिचिंग केलेले, मग विमा विकायला किंवा शाळेत शिकवायला गेलेले. अर्धशतकानंतर कंपनीकडून त्यांना कार्डांचा गठ्ठा येतो आणि हे लोक बसून निळ्या शाईत सह्या करतात. काहींच्या सह्या लाल शाईतही घेतात. लाल शाईच्या प्रती मूळ वर्षाच्या शेवटच्या दोन आकड्यांइतक्याच. १९६४ ची रचना असेल तर ६४, १९७१ ची असेल तर ७१.

या सह्या पाहण्यासारख्या असतात. आजच्या तरुण खेळाडूची सही म्हणजे बहुधा एक मोठं अक्षर, एक वळसा आणि जर्सीचा क्रमांक. त्याला हजारो करायच्या असतात. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या माणसानं शाळेत सुलेखन गिरवलेलं असतं. हात थरथरत असला तरी तो नावातलं प्रत्येक अक्षर पुरं करतो. अशी कार्डं वीस-पंचवीस डॉलरांत सहज मिळतात. बाजाराच्या हिशेबी ती ‘भरती’ची. माझ्या मते संपूर्ण प्रकारातला सर्वांत प्रामाणिक व्यवहार तोच आहे.

यामागे जुना हिशेबही आहे. १९५० च्या दशकात टॉप्सची माणसं छोट्या संघांच्या मैदानांवर फिरून होतकरू पोरांकडून करारावर सह्या घेत. मोबदला पाच डॉलर. पोरगा मोठ्या लीगमध्ये टिकला, तर वर्षाला १२५ डॉलर किंवा तेवढ्याच किमतीची घरगुती वस्तू, कंपनीच्या छापील यादीतून निवडून. १९६६ मध्ये पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले मार्व्हिन मिलर खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख झाले. त्यांनी खेळाडूंना टॉप्ससाठी छायाचित्र काढून घ्यायलाच मनाई केली. त्यामुळे १९६९ च्या मालिकेत कंपनीला कित्येक ठिकाणी शिळी छायाचित्रं वापरावी लागली, कुठं टोपीविना, कुठं टोपीवरचं चिन्ह पुसून. शेवटी टॉप्स नमली: वर्षाला २५० डॉलर आणि विक्रीतला टक्का. हेरिटेजच्या त्या म्हाताऱ्या राखीव कॅचरची टॉप्सनं घेतलेली पहिली सही पाच डॉलरांच्या करारावरची होती, हे लक्षात ठेवून त्याचं कार्ड पाहावं.

आता सहीच्या जातीबद्दल. सही थेट कार्डावर केलेली असेल, तर तिला संग्राहक ‘ऑन-कार्ड’ म्हणतात. स्वस्तातला मार्ग म्हणजे खेळाडूकडून पारदर्शक चिकटपट्ट्यांच्या पानांवर सह्या घ्यायच्या आणि मग त्या कारखान्यात कार्डांवर डकवायच्या. म्हणजे खेळाडूनं ते कार्ड कधी पाहिलेलंही नसतं. चिकटपट्टीची सही खरीच असते, पण भाव कमी, आणि माझ्या मते योग्यच कमी. तिसरी जात आहे ती मृतांच्या सह्यांची: जुन्या चेकवरून, पत्रावरून कापून काढलेली सही नव्या कार्डाच्या खिडकीत बसवतात. बेब रूथसारख्या दिग्गज बेसबॉलपटूचा चेक फाडून कार्ड बनवणं मला पटत नाही. बाजाराला पटतं. आणि कधी पाकिटात कार्डाऐवजी नुसती चिठ्ठी निघते: खेळाडूनं सह्या अजून परत पाठवलेल्या नाहीत, नंतर पोस्टानं मिळतील. या चिठ्ठ्यांवरून झालेली भांडणं वेगळ्या प्रकरणात घेतली आहेत.

कारखान्यातून आलेल्या सहीचा एक निर्विवाद फायदा म्हणजे ती खोटी असण्याची धास्ती जवळजवळ संपते. बाहेरच्या बाजारात ही धास्ती कायम असते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एफबीआयनं सान दिएगो परिसरात ‘ऑपरेशन बुलपेन’ ही मोहीम चालवली. त्यात जी टोळी सापडली तिच्याकडे बेब रूथपासून मायकल जॉर्डनपर्यंत सगळ्यांच्या सह्या तयार होत. खोट्यांमध्ये मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉल होते. मदर तेरेसा बेसबॉलवर सही का करतील, हा प्रश्न त्या चेंडूंच्या गिऱ्हाइकांना पडला नसेल तर दोष नुसता ठगांचा नाही.

जुन्या सह्या पारखताना आधी शाई बघावी. अमेरिकेत बॉलपेन पहिल्यांदा दुकानात आलं ते ऑक्टोबर १९४५ मध्ये, न्यूयॉर्कच्या गिंबल्स दुकानात, साडेबारा डॉलरला. बेसबॉलपटू लू गेरिग जून १९४१ मध्ये वारला. म्हणजे बॉलपेननं केलेली गेरिगची सही कितीही हुबेहूब असो, तिथंच विषय संपला. रूथ १९४८ पर्यंत जगला, त्यामुळे त्याची बॉलपेनची सही अशक्य नाही. शार्पी नावाचा मार्कर १९६४ चा. टाय कॉब १९६१ मध्ये गेला. कॉबला फाउंटनपेनात हिरवी शाई भरायची आवड होती आणि चाहत्यांच्या पत्रांना तो उत्तरं देई, हे ठाऊक असलेले संग्राहक हिरव्या सह्यांना भुलतात. आणि ठगांनाही ते ठाऊक असतं. शूलेस ज्यो जॅक्सनला तर लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच्या नावानं बहुतेक वेळा बायको केटी सही करी. म्हणूनच त्याच्या स्वतःच्या हातची सही असलेलं १९११ चं एक छायाचित्र २०२१ मध्ये सुमारे १४ लाख ७० हजार डॉलरांना गेलं.

जॅक्सनच्या उलट टोकाला बॉब फेलर. हा थोर पिचर १९६२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि २०१० मध्ये वारेपर्यंत जिथं जाईल तिथं सह्या करत राहिला. त्याच्या सहीविना असलेला चेंडू जास्त दुर्मीळ, असा विनोद या छंदात रूढ आहे. त्यामुळे त्याच्या सहीला आजही फार मोठा भाव नाही. खेळाडू किती मोठा होता यापेक्षा तो सही करायला किती उदार होता, हे बाजार आधी विचारतो. रूथही उदारच होता. पण त्याला मागणी करणाऱ्यांची संख्या इतकी अफाट, की पुरवठा कितीही असला तरी पुरा पडत नाही.

बेसबॉल कार्डांच्या भावाच्या शिखरांवर मात्र सहीचा संबंध नाही. १९५२ चं मिकी मँटलचं बिनसहीचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरांना विकलं गेलं. विकणाऱ्यानं ते १९९१ मध्ये ५०,००० डॉलरांना घेतलं होतं. त्या मालिकेच्या शेवटच्या हप्त्यातली न खपलेली कार्डं १९६० मध्ये पडावात भरून समुद्रात बुडवली, असं बर्गरनंच पुढे सांगितलं. मँटल त्या हप्त्यातला. वॅग्नरचं एक कार्ड २०२२ मध्येच ७२ लाख ५० हजारांना गेलं. पण वॅग्नरच्या सर्वांत प्रसिद्ध प्रतीची गोष्ट अधिक बोलकी आहे. हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदारानं ती १९९१ मध्ये ४,५१,००० डॉलरांना घेतली. पीएसएनं गुण दिलेलं पहिलं कार्ड तेच, गुण आठ. त्याच्या कडा फारच सरळ आहेत अशी कुजबुज वर्षानुवर्षं होती. ते कार्ड पूर्वी विकणारा बिल मॅस्ट्रो हा बडा लिलावदार लिलावांतल्या फसवणुकीच्या खटल्यात सापडला आणि २०१३ मध्ये त्यानं कबूल केलं, की कडा आपणच कापल्या होत्या. त्याला वीस महिन्यांची कैद झाली. अस्पर्श म्हणून गौरवलेल्या कार्डाला कात्री लागलेली होती. तरीही आज ते विकायला आलं तर लाखोंच्याच बोली लागतील, कारण आता तो घोटाळाही त्याच्या इतिहासात जमा झाला आहे.

सही जमवणाऱ्यांचं वेड वेगळं असतं. एखाद्या वर्षाची मूळ मालिका घ्यायची आणि तिच्यातल्या प्रत्येक कार्डावर त्या-त्या खेळाडूची सही मिळवायची. दहा-वीस वर्षं यात जातात. आणि काही मालिका कधीच पुऱ्या होऊ शकत नाहीत. शिकागो कब्जचा केन हब्ज फेब्रुवारी १९६४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी विमान अपघातात गेला. त्या वर्षीच्या टॉप्स मालिकेत ५५० क्रमांकाचं कार्ड त्याच्या स्मरणार्थ निघालं. त्यावर त्याची सही असणं शक्यच नाही. रॉबेर्तो क्लेमेंते ३१ डिसेंबर १९७२ ला भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना गेला. १९७३ चं त्याचं ५० क्रमांकाचं कार्ड त्यानंतरचं. या कार्डांवर ‘सही’ दाखवणारा कोणी भेटला तर फार चर्चा करत बसू नये. क्लेमेंतेच्या आधीच्या कार्डांवरच्या खऱ्या सह्या मात्र, तो अडतिसाव्या वर्षीच गेल्यामुळे, त्याच्या बरोबरीच्या कित्येकांहून महाग आहेत.

२०२० आणि २०२१ मध्ये, कोरोनाच्या साथीच्या काळात, घरी बसलेल्या अमेरिकेनं माळे धुंडाळले आणि कार्डांचे भाव भडकले. पीएसएकडे इतका ढीग साचला, की मार्च २०२१ मध्ये तिनं बहुतेक कामं घेणं थांबवलं. मे महिन्यात टार्गेट या दुकानांच्या साखळीनं, एका दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी झाल्यावर, दुकानांतली विक्री काही काळ बंद केली. त्याच वर्षी बेसबॉल लीग आणि खेळाडूंच्या संघटनेनं कार्डं छापण्याचे पुढचे हक्क फॅनॅटिक्स या कंपनीला दिले. सत्तर वर्षांचा धंदा हातून निघाल्यावर टॉप्सपुढे फारसा पर्याय उरला नाही; जानेवारी २०२२ मध्ये फॅनॅटिक्सनं तिचा कार्डांचा विभागच विकत घेतला. आता पदार्पणाच्या सामन्यात खेळाडूच्या बाहीवर असलेला कापडी तुकडा कार्डात बसवून त्यावर त्याची सही घेतात. पॉल स्कीन्स या तरुण पिचरचं असं एकमेव कार्ड लॉस एंजेलिसमधल्या अकरा वर्षांच्या मुलाला नाताळच्या पाकिटात मिळालं आणि मार्च २०२५ मध्ये ११ लाख डॉलरांच्या वर गेलं. बातमी छान असते. ती वाचून पाकिटं फोडायला बसणाऱ्यांना मात्र गणित कोणी सांगत नाही: बंद खोक्याची किंमत आणि त्यातून सरासरी निघणाऱ्या कार्डांची किंमत यांत बहुतेक वेळा विकत घेणारा तोट्यात असतो. सही हवी असेल तर सुटं कार्ड घ्यावं. पाकीट फोडायची मौज हवी असेल तर ती मौज म्हणून घ्यावी आणि पैसे तिकिटाचे समजून विसरावेत.

म्हणून या पुस्तकात भावांचा तक्ता नाही. जे आकडे आहेत ते प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे, वर्षासकट. विक्रेत्यानं मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. पूर्ण झालेली विक्री पाहायची सवय लागली, की निम्मं शिक्षण झालं. उरलेलं निम्मं म्हणजे कोपरे, कडा, शाई, कागद यांवरची प्रकरणं आहेत, आणि शेवटी सही उन्हापासून कशी वाचवायची याबद्दलची थोडी घरगुती माहिती.

हेरिटेजचा क्रम असाच चालू राहिला, तर २०३० मध्ये १९८१ ची रचना येईल, म्हणजे फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्यांनी टॉप्सची मक्तेदारी मोडली ते वर्ष. २०३६ मध्ये १९८७ ची येईल, लाकडी फळीसारख्या चौकटीची. मूळ १९८७ ची कार्डं इतकी छापली गेली, की आज ती खोक्याच्या भावानं विकली जातात. त्या मालिकेत मार्क मॅग्वायर होता, बॅरी बाँड्स होता. उत्तेजक द्रव्यांच्या वादामुळे दोघांनाही मतदार पत्रकारांनी हॉल ऑफ फेमपासून दूर ठेवलं. तोवर बाँड्स एकाहत्तर-बाहत्तरचा झाला असेल. मूळ कार्ड चिल्लर किमतीचं, रचना तीच, आणि त्यावर ७६२ होमरन मारणाऱ्या माणसाची लाल शाईतली सही, प्रती ८७. ती किती डॉलरांना जाईल, हे १९८७ मध्ये दहा वर्षांची असलेली आणि तेव्हा साठीकडे आलेली पोरं ठरवतील.